बोअरच्या पाण्यातला लाल झिंगा

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडात शोभेच्या चेरी झिंग्यांची टाकी मांडायची तर दसऱ्याच्या सुमारास मांडावी आणि झिंगे दिवाळी उलटल्यावर आणावेत. या छंदाची बहुतेक माहिती टाकीच्या मापापासून सुरू होते, कारण ती लिहिणारे जपान, जर्मनी किंवा फार तर बंगळुरूच्या हवेत राहतात. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या या तालुक्यात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर ठाण मांडून बसतो, घरोघरी बोअरचे जड पाणी असते आणि गावाबाहेर पाऊल टाकले की कपाशी, सोयाबीन, हळद, ऊस आणि त्यांच्यावरची फवारणी. इथे महिना कोणता, हा प्रश्न काचेच्या आधी सोडवावा लागतो. तो सुटला की उरलेले काम वाटते त्याहून सोपे आहे आणि खर्चही बेताचा.

आधी कोणता झिंगा पाळायचा ते ठरवू. खाण्याचे म्हणून जे झिंगे बाजारात वाट्याने मिळतात ते बहुतेक मॅक्रोब्रॅकियम कुळीचे. लांब चिमटे, भांडखोर स्वभाव, आणि आपल्यापेक्षा लहान जे दिसेल ते तोंडात घालायची सवय. शिवाय त्यांच्यातल्या काहींच्या, उदाहरणार्थ मोठ्या रोझेनबर्गी झिंग्याच्या, अळ्या निमखाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत. शोभेच्या टाकीसाठी प्रसिद्ध झालेला अमानो झिंगाही याच अडचणीतला. निगाता इथले छायाचित्रकार तकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी १९८० च्या दशकात आपल्या वनस्पतींच्या टाक्यांत शेवाळ खायला हा झिंगा सोडला आणि जगभर त्याचे नाव झाले. तो शेवाळ खातो, टाकी लख्ख ठेवतो, मादी अंडीही धरते; पण अळ्यांना खारे पाणी लागते, म्हणून घरच्या गोड्या पाण्यात त्याची वीण पुढे जात नाही.

चेरी झिंग्याचे तसे नाही. निओकॅरिडिना डेव्हिडी हे त्याचे शास्त्रीय नाव. १९०४ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बुव्हिए यांनी त्याचे वर्णन केले. मूळचा तो चीन आणि आसपासच्या पूर्व आशियातल्या ओढ्या-तळ्यांतला, रंगाने मळकट तपकिरी. लाल, पिवळा, निळा, नारिंगी हे सगळे रंग माणसाने पिढ्यान्पिढ्या निवड करून काढले. जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर लांबी, आयुष्य एक ते दोन वर्षे. त्याच्या अंड्यातून तरंगती अळी बाहेर येत नाही. थेट आईबापांची दोन मिलिमीटरची प्रतिकृती बाहेर पडते आणि त्याच दिवसापासून चरू लागते. खारे पाणी नको, अळ्यांसाठी वेगळी टाकी नको. घरी वीण घ्यायला हा झिंगा सर्वांत सोयीचा आहे तो एवढ्याचमुळे.

क्रिस्टल रेड किंवा ब्लॅक बी जातीचे पट्टेरी झिंगे दिसायला अधिक देखणे आणि भावही त्यांना अधिक. पण त्यांना आम्लधर्मी, जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके मऊ आणि चोवीस अंशांच्या आतले पाणी लागते. उमरखेडात त्यांच्यासाठी हिवाळा सोडून सगळे महिने पाणी थंड करणारा चिलर चालवावा लागेल. हौशी माणसाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पाणी. आपला सगळा मुलूख दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला. या खडकाच्या भेगांत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर विरघळलेले असतात. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच हे क्षार. झिंग्याला कॅल्शियम हवेच असते. त्याचे कवच त्यावरच उभे राहते. पण विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, म्हणजे टीडीएस, दीडशे ते तीनशेच्या दरम्यान असले तर त्याला मानवते, आणि बोअरचे पाणी बहुधा त्याच्या कितीतरी वर असते. उलट आरओच्या जारमधले पाणी इतके मोकळे असते की नुसत्या त्याच्यावर झिंग्याला कवच धरता येत नाही.

उपाय दोन्ही मिसळण्याचा. टीडीएस मीटर चार-पाचशे रुपयांच्या आत मिळतो. या छंदात पहिली खरेदी त्याची करावी. समजा बोअरचे पाणी ७०० दाखवते आणि जारचे ४०. एक बादली बोअर आणि दोन बादल्या जार घेतले तर मिश्रण २६० वर येते. प्रत्येकाच्या बोअरचा आकडा वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याचे प्रमाण उसने घेऊ नये. उन्हाळ्यात बोअर खोल गेला की आकडा बदलतो, तेव्हा पुन्हा मोजावे. नळाचे पाणी वापरणार असाल तर त्यातले क्लोरीन उडून जायला ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या हायपोच्या खड्यांनी ते मारावे. बादली प्लॅस्टिकची किंवा स्टीलची. तांब्याचा हंडा, पितळी घागर या कामाला अजिबात नको. गंमत अशी की झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन तांब्यावरच चालते, आणि तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्याला विष आहे. माशांच्या पुष्कळ औषधांत तांबे असते, मोरचूद तर तांब्याचेच मीठ. असे काहीही झिंग्यांच्या टाकीजवळ येऊ देऊ नये.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्यावी. काठोकाठ भरली तर चोपन्न-पंचावन्न लिटर पाणी मावते. यापेक्षा लहान टाकी स्वस्त पडते, पण थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. तळाला नीट धुतलेली वाळू दोन इंच. बारीक काळे दगड हवे असतील तर बेसाल्ट उत्तम. सहस्रकुंडाला पैनगंगा ज्या काळ्या दगडावरून कोसळते तो पाण्यात विरघळत नाही. चुनखडीचे पांढरे खडे मात्र वेचून टाकावेत. खड्यावर लिंबू पिळले आणि फेस आला तर तो खडा बाहेर. दगड, लाकूड किंवा पाणवनस्पती पैनगंगा अभयारण्यातून उचलून आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातून काही नेण्याला मनाई आहे.

शेतातली काळी माती तळाला घालण्याचा मोह अनेकांना होतो. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ च्या आपल्या पुस्तकातून मातीवर वाळूचा थर देऊन टाकी लावण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि माती फुकट मिळते, म्हणून हा मोह. पण आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्यात चुनखडी असते, आणि मुख्य म्हणजे तिने वर्षानुवर्षे कोणती औषधे पचवली आहेत हे सांगता येत नाही. मासे पाळायचे असते तर विचार केला असता. झिंग्यांसाठी वाळूच बरी.

वनस्पती अशा निवडाव्यात ज्यांना माती लागत नाही. जावा मॉस सर्वांत आधी. ते दगडाला दोऱ्याने बांधून ठेवले की महिनाभरात धरते. त्याच्या गुंत्यात पिल्ले लपतात आणि त्याच्या पानापानावर सूक्ष्म जीवांचा जो पातळ थर जमतो तो चरत वाढतात. अनुबियास आणि जावा फर्न सावलीत, कमी उजेडात, कुरकुर न करता जगतात. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया तर आपल्याच तळ्या-कालव्यांतल्या. वेगाने वाढतात आणि पाण्यातला नायट्रोजन झपाट्याने शोषतात. फक्त त्या कालव्यातून थेट आणू नयेत. त्यांच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात, आणि चतुराची एक अळी महिनाभरात पिल्लांची फळी साफ करते. शेताकडेच्या पाण्यातून औषधाचा अंशही येऊ शकतो. नर्सरीतून आणलेली रोपेसुद्धा साध्या पाण्याच्या बादलीत दोन आठवडे, रोज पाणी बदलत, वेगळी ठेवावीत. उजेड साध्या एलईडीचा, सहा-सात तास पुरतो. खत आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर या टाकीला नकोत.

गाळणीसाठी एअरपंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्यावा. मोटरचा फिल्टर पिल्ले ओढून घेतो. स्पंज उलट त्यांचे चरायचे कुरण होतो. लोडशेडिंगसाठी बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप जवळ ठेवावा. वनस्पती रात्री प्राणवायू सोडत नाहीत, वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो आणि रात्रीची वीज गेली तर धोका तेव्हाच.

एवढे मांडून झाले की झिंगे आणायचे नाहीत. टाकी रिकामी चालू ठेवायची, चार ते सहा आठवडे. या काळात स्पंजावर आणि वाळूवर जिवाणूंच्या वसाहती जमतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट, आणि नायट्रेट वनस्पती शोषतात. ही साखळी नसेल तर झिंग्यांच्या विष्ठेतला अमोनियाच त्यांना मारतो. इथल्या पाण्यात याचे गांभीर्य जास्त आहे. पाण्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा पीएच आणि उष्णतेबरोबर वाढतो. पीएच ७ आणि वीस अंश असताना तो जेमतेम ०.४ टक्के असतो. पीएच ८ आणि तीस अंशांना सुमारे ७.५ टक्के, म्हणजे जवळजवळ एकोणीस पट. थंड प्रदेशातल्या मऊ पाण्यात जी चूक पचते ती आपल्या जड, तापलेल्या पाण्यात पचत नाही. साखळी सुरू व्हायला चिमूटभर माशांचे खाद्य टाकून कुजू द्यावे आणि चाचणी किटवर अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबावे. दसरा ते दिवाळीनंतरचा आठवडा, एवढा वेळ त्याला बरोबर पुरतो.

याच काळात कपाशीवरची फवारणीही ओसरत जाते, आणि दसरा-दिवाळीचा काळ निवडण्याचे हे दुसरे कारण.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्यानंतर औषधाची बाटली हाताळण्याबद्दल इथे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. झिंग्यांच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवायचे की बोंडअळी आणि झिंगा हे संधिपाद गटातले नातलग आहेत. अळीच्या मज्जातंतूंवर घाव घालणारे रसायन झिंग्याच्या मज्जातंतूंवरही तसाच घाव घालते. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे तर लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असली तरी अनेक कवचधारी जलचरांना मारतात. मासे पोहत राहतात आणि झिंगे आडवे पडतात, तेव्हा संशय पहिला यांच्यावर घ्यावा.

आणि ही औषधे फक्त शेतात नसतात. डास मारायची कॉइल, मॅट, प्लगला लावायची बाटली, झुरळांचा स्प्रे या सगळ्यांत बहुधा याच कुळातली रसायने असतात. ज्या खोलीत झिंग्यांची टाकी आहे त्या खोलीत मच्छरदाणी लावा. एअरपंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो, हे विसरू नका. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बदलूनच टाकीत हात घालावा. कुत्र्याच्या गोचिडांचे औषध लावलेला हातही तितकाच घातक. बाजारातला पालक खाऊ घालायचा तर तो कुणी, कशाने फवारला हे माहीत नसते. परसबागेतला असेल तर उकळत्या पाण्यातून काढून द्यावा. त्याहून चांगली तुतीची पाने. रेशीम करणारा शेतकरी आपल्या तुतीला कीटकनाशकाचा वाराही लागू देत नाही, कारण त्याचे रेशीमकिडे पहिल्याच घासाला मरतील. ज्या पानावर रेशीमकिडा जगतो ते झिंग्याला चालते. जगभरचे झिंगापालक तुतीची पाने वाळवून किंवा उकळून वापरतात, आणि आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात तुतीच्या बागा आहेत.

झिंगे पंधरा-वीस आणावेत, लहान वयाचे, एकाच रंगाचे. दोन रंग एकत्र ठेवले तर काही पिढ्यांत संततीत मूळचा मळकट तपकिरी वर येतो. आणलेली पिशवी थेट टाकीत उलटी करू नये. पिशवीतले पाणी झिंग्यांसकट एका भांड्यात ओतावे आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नव्या सलाईन सेटने टाकीतले पाणी थेंबथेंब त्यात सोडावे. त्याच्या चाकाने थेंबांचा वेग हवा तसा ठेवता येतो. दोन तासांत भांड्यातले पाणी तिप्पट झाले की झिंगे जाळीने उचलून टाकीत सोडावेत.

पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. वाढणारा झिंगा वारंवार कात टाकतो. काचेजवळ पारदर्शक, पाय-मिश्यांसह अख्खे कवच पडलेले दिसते आणि नवशिक्याला वाटते, मेला. ते कवच काढू नये. बाकीचे झिंगे ते खाऊन त्यातले कॅल्शियम परत घेतात. वयात आलेल्या मादीच्या मानेमागे पिवळसर किंवा हिरवट डाग दिसू लागतो. ती बीजांडकोषातली अंडी. तिने कात टाकली की ती पाण्यात एक गंध सोडते आणि टाकीतले सगळे नर एकदम वेड्यासारखे इकडून तिकडे पोहू लागतात. एरवी ते तासन्‌तास एका पानावर बसलेले असतात. एक-दोन दिवसांत अंडी मानेमागून पोटाखाली उतरतात आणि पोहण्याच्या पायांत अडकतात. एका खेपेला वीस-तीस अंडी. मादी त्यांना सतत पायांनी वारा घालते, बुरशी लागलेली वेगळी करते. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असेल तर महिन्याच्या आत पिल्ले सुटतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जास्त दिवस लागतात. पिल्ले अडीच-तीन महिन्यांत स्वतः वीण घेण्याजोगी होतात. दिवाळीनंतर आणलेल्या झिंग्यांची पहिली पिढी म्हणून मार्च-एप्रिलमध्ये वयात येते.

कात टाकताना झिंगा मरतो तो बहुतेक वेळा आपल्या हाताने. कवचाभोवती पांढरी कडी दिसते, ते मधोमध फाटते आणि झिंगा त्यातून बाहेर पडू शकत नाही. याचे नेहमीचे कारण एकदम बदललेले पाणी. आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नये आणि नवे पाणी त्याच मिश्रणाचे, त्याच तापमानाचे असावे. खाद्य आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तासांत संपेल एवढेच. शाळेच्या अंगणात जे देशी बदामाचे झाड असते त्याचे लाल होऊन गळलेले, वाळलेले पान टाकीत कायम एक असू द्यावे. ते हळूहळू कुजते आणि पिल्ले त्यावर चरतात. वाजवीपेक्षा जास्त खायला घातले की प्लॅनेरिया नावाचे पांढरे चपटे कृमी माजतात. ते आले तर समजावे, खाद्य जास्त होते आहे.

एप्रिल उजाडला की नवी वीण मिळवण्याचा हिशेब सोडावा आणि आहेत ते झिंगे जगवावेत. तीस अंशांच्या वर मादी अंडी धरत नाही किंवा धरलेली टाकून देते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना ७.६, आणि नेमकी तेव्हाच झिंग्याची गरज वाढलेली असते. बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडणे हा उपाय दिसायला सोपा, पण त्याने तापमान दिवसात तीनदा खालीवर होते. इथे विदर्भाची कोरडी हवा कामाला येते. कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडला तर पाणी चार-पाच अंशांनी उतरू शकते. टाकी तळमजल्यावर, जाड भिंतींच्या, उत्तरेकडच्या खोलीत असेल तर मे महिना निघतो. पंख्याने पाणी रोज उडते. उडते ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. म्हणून रोजची तूट निव्वळ आरओच्या पाण्याने भरावी, बोअरच्या नव्हे. बोअरचे पाणी ओतत राहिले तर जूनपर्यंत टीडीएस दुप्पट झालेला असतो आणि मग पहिल्या पावसाच्या गारव्यात, सगळे सुरळीत वाटत असताना, झिंगे मरू लागतात. पावसाळ्यात हवा ओली झाली की पंख्याचा उपयोग संपतो, पण तोवर ऊनही उतरलेले असते.

विक्रीबद्दल थोडक्यात. शंभर-दीडशे झिंगे झाले की गिऱ्हाईक लागते, आणि ते नांदेडला किंवा नागपूरला भेटते, उमरखेडात नाही. पार्सल नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच पाठवावे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला अनुदानाची तरतूद ठेवली गेली, पण ती माशांसाठी बेतलेली. केवळ झिंग्यांसाठी तिचा भरवसा धरू नये. ज्यांना हे शास्त्र म्हणून शिकायचे आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मत्स्य महाविद्यालये नागपूरला आणि उदगीरला आहेत. पहिल्या वर्षी टाकीचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले.

आणि एक कळकळीची विनंती. कंटाळा आला, झिंगे फार झाले, रंग बिघडला, काहीही झाले तरी ते पैनगंगेत, इसापूरच्या जलाशयात किंवा गावच्या नाल्यात सोडू नका. हवाईमध्ये आणि जर्मनीतल्या गरम पाण्याच्या ओढ्यात हाच झिंगा टाक्यांतून सुटून वस्ती करून बसला आहे. आपल्या नदीत तर त्याला हिवाळ्याची भीतीही नाही. जास्तीचे झिंगे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या आणि टाकीतले बदललेले पाणी नालीत न ओतता दारातल्या कुंड्यांना घाला.